रात्रीचं पाणी: ३८ घरांच्या पाड्यावरचा सौर पंप आणि बॅटरीचा हिशोब

सौर पंपाच्या कामात एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं: वीज साठवू नका, पाणी साठवा. टाकी वीस-पंचवीस वर्षं टिकते, बॅटरी पाच-सात वर्षांत पैसे मागते. मीही हे वाक्य कितीतरी ग्रामसभांत ऐकवलं आहे आणि दहापैकी नऊ ठिकाणी ते बरोबरच ठरतं. हे प्रकरण उरलेल्या एका ठिकाणाचं. पाड्याचं, ठेकेदाराचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या हद्दीकडे उतरत जाणारा भाग. पाऊस भरपूर पडतो, पण खाली काळा कातळ. पाणी मावतं ते फक्त त्याच्या भेगांत. दिवाळीपर्यंत ओढे वाहतात आणि होळीनंतर बायका हंडे घेऊन डोंगर उतरायला लागतात.

पाड्यावर ३८ घरं, १९० माणसं, लहानमोठी ४० गुरं. जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी रोज ५५ लिटर धरलं तर साडेदहा हजार लिटर होतात. गुरांना सरासरी ३५ लिटर धरून आणखी चौदाशे. म्हणजे रोजची गरज सुमारे १२ हजार लिटर.

पाड्याच्या खाली, नाल्याच्या अंगाला, ३०० फूट खोल आणि साडेसहा इंची बोअर आहे. तिच्यावर कितीतरी वर्षं हातपंप होता. २०२१ च्या डिसेंबरात तो काढून तिथे ३ एचपीचा सौर पंप बसवला. ३३० वॉटची ९ पॅनलं आली, बोअरपासून ८५ फूट वर टेकडीवर १० हजार लिटरची टाकी आली, आणि मधे ४०० मीटरहून थोडी जास्त, ४० मिलिमीटरची एचडीपीई पाइपलाइन. गावठाणात सिंगल फेजची लाइन आहे, पण ती बोअरपर्यंत येत नाही आणि पावसाळ्यात तर गावठाणातही टिकत नाही. त्यामुळे ग्रिडचा विचार कुणी केला नाही. ते बरोबरच होतं.

हिवाळाभर सगळं छान चाललं. तीन तासांत टाकी भरायची. उद्घाटनाचा फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून आहे.

अडचण

२०२२ च्या एप्रिलपासून टाकी भरेना. ग्रामपंचायतीने बोलावलं तेव्हा तक्रार अशी होती की ‘पॅनलं कमजोर झाली, आणखी चार बसवून द्या’. मी मे महिन्यात गेलो. पॅनलं ठणठणीत होती. सकाळी नऊला पंप सुरू झाला, वीस मिनिटं जोरात पाणी दिलं आणि ड्राय-रनवर ट्रिप झाला, म्हणजे बोअरमधलं पाणी संपताच स्वतःहून बंद पडला. अर्ध्या तासाने आपोआप सुरू, आठ मिनिटं पाणी, पुन्हा ट्रिप. संध्याकाळपर्यंत हाच खेळ. टाकीत आलं पावणेपाच हजार लिटर. माणशी २५ लिटर, तेही गुरांना न देता. बाकी टँकरवर. त्या मे महिन्यात २३ दिवस टँकर आला होता.

मूळ घोळ कुठे होता हे कागदांवरून लगेच कळलं. बोअरची क्षमता म्हणून ‘दोन इंची पाणी’ एवढंच लिहिलेलं होतं. बोअर मारणारे काँप्रेसरने उसळणारं पाणी बघून असा आकडा सांगतात. तो आकडा त्या दिवसाचा असतो, मे महिन्याचा नसतो. पंप त्याच्यावर निवडला गेला.

पॅनलं वाढवून काही होणार नव्हतं हे उघड होतं. माझ्या डोक्यात तेव्हा मोठी टाकी आणि दुसरी बोअर, एवढंच होतं. टाकीजवळ उभ्या असलेल्या एका मावशींनी मधेच विचारलं, “साहेब, हातपंप परत बसवता येईल का?” मला वाटलं, जुन्याची सवय. मी हसून विषय बदलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “रात्री बाराला नंबर लावायचो. एक हंडा भरायला पाच मिनिटं लागायची, पण पहाटेपर्यंत भरत राहायचा. आता रात्री बोअरला पाणी असतं आणि ते काढायला काही नाही.”

पाच मिनिटांना एक हंडा म्हणजे तासाला १७०-१८० लिटर. चोवीस तास लोक काढत राहिले तर चार हजार. जवळपास तेवढंच पाणी आता जवळजवळ तीन हजार वॉटची पॅनलं देत होती. मुक्काम वाढवला.

मोजणी

साधनं साधी. दोन पदरी वायर, टोकं सोललेली, दर दहा फुटांना चिकटपट्टीची खूण, वर मल्टिमीटर. टोक पाण्याला टेकलं की काटा हलतो. शेजारी २०० लिटरचा ड्रम आणि मोबाइलचं घड्याळ.

संध्याकाळी सहाला पंप बंद केला तेव्हा पातळी २५० फुटांवर, पंपाच्या तोंडाशी होती. सातला ती १५५ फुटांवर आली. आठला १३५ च्या आसपास. रात्री दहाला १३०. मी आणि पंप बघणारा मुलगा ओट्यावर घोंगडी टाकून बसलो होतो. बाराला १३०. दोनला १३०. पहाटे पाचलाही १३०. म्हणजे बोअर दोन तासांत भरत होती आणि नंतर रात्रभर नुसती उभी राहत होती.

इथे कळीचा मुद्दा आहे. साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात जेमतेम साडेसहा लिटर पाणी मावतं. १३० पासून २५० फुटांपर्यंतच्या सगळ्या उभ्या पाण्याचं मोजमाप केलं तर पावणेआठशे लिटरच्या आसपास. भेगेतून पाणी येतं ते आतली पातळी खाली असते तोवरच. पातळी भरली की आवक थांबते. वीस फूट व्यासाची विहीर असती तर तिच्या एका फुटात जवळजवळ नऊ हजार लिटर मावले असते. ती रात्रभर भरत राहिली असती आणि दिवसा पंपाने निवांत उपसली असती. बोअरला ती सोय नाही.

दुसऱ्या दिवशी पंपाच्या निकासावरचा व्हॉल्व्ह आवळून हळूहळू उपसून बघितलं. तासाला ८०० लिटर काढले तर पातळी २१० फुटांवर स्थिर राहते. ६५० काढले तर १९५ वर. दिवसाचे चांगल्या उन्हाचे सात तास धरले तर कितीही मोठा पंप लावा, सहा हजारांच्या वर पाणी येणार नाही. तेच ६५० च्या वेगाने २० तास काढलं तर १३ हजार.

पर्याय

मोठ्या टाकीचा पर्याय पहिल्याच फटक्यात बाद झाला. पाणी टाकीशी अडत नव्हतं, बोअरच्या तोंडाशी अडत होतं. रिकाम्या टाकीशेजारी आणखी एक रिकामी टाकी उभी करून काय मिळणार?

दुसरी बोअर ही सरपंचांची पहिली पसंती होती. पण पाड्याच्या हद्दीत आधीच दोन बोअर कोरड्या गेलेल्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून हायड्रोफ्रॅक्चरिंग करून घ्यायचं, म्हणजे दाबाने पाणी सोडून भेगा मोकळ्या करायच्या, हाही विचार झाला. चालू असलेल्या एकमेव बोअरवर तो प्रयोग करायची हिंमत ग्रामसभेला झाली नाही. मी आग्रह धरला नाही. आज वाटतं, पावसाळ्यात करून बघायला हरकत नव्हती.

नाल्याकाठी विहीर खणणं तांत्रिकदृष्ट्या सगळ्यांत सरळ होतं. जागा दोन भावांच्या सामायिक सातबाऱ्यावर निघाली आणि त्या दोघांचं बोलणं बंद आहे. विषय तिथेच संपला.

मग राहिला रात्री पंप चालवण्याचा मार्ग. आहे तोच ३ एचपीचा पंप हळू का नाही फिरवायचा, असं एका ग्रामपंचायत सदस्याने विचारलं. प्रश्न चांगला होता. पण तो पंखे असलेला सेंट्रिफ्युगल पंप. वेग निम्म्यावर आणला की दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. पाणी टेकडीवर चढणारच नाही. त्यासाठी स्क्रू पंप लागतो. त्यात रबराच्या खोळीत पिळाचा दांडा फिरतो. हळू फिरवला तरी पाणी तेवढंच उंच ढकलतो, फक्त कमी ढकलतो. त्याला कोरडं चालणं आणि वाळू मात्र अजिबात चालत नाही.

आणि रात्री म्हटलं की बॅटरी आली.

रचना

एकूण उचल अशी: पातळी ५९.५ मीटर, वर टाकीपर्यंत २६, पाइपातलं घर्षण सुमारे १. म्हणजे ८६.५ मीटर. जुना पंप तासाला ३६०० लिटर ढकलायचा तेव्हा त्याच पाइपात घर्षणाचेच १९ मीटर जायचे. हळू उपशाचा हा फायदा मी आधी मोजलाच नव्हता. १३ हजार लिटर ८६.५ मीटर चढवायला निव्वळ ३ युनिट लागतात. मोटर-पंपाची मिळून कार्यक्षमता ४५ टक्के धरली की पावणेसात युनिट, म्हणजे सलग ३४० वॉटच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढा भार.

पंप सकाळी ७ ते पहाटे ३ चालवायचा आणि मधले चार तास बोअरला विश्रांती द्यायची ठरली. सातला सुरू करण्याआधी वायर सोडून पातळी लिहायची. वीस तासांपैकी आठ उन्हाचे, उरलेले बारा बॅटरीचे. त्यासाठी रोज ४ युनिट.

बॅटरी किती दिवसांची ठेवायची यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. पुस्तकी सल्ला असतो, तीन ढगाळ दिवसांचा साठा ठेवा. माझ्या कार्यालयातल्या तरुण सहकाऱ्याने तसाच आराखडा करून आणला: १२ युनिटच्या वर, खर्च दुप्पट. पण ढग असतात जून ते सप्टेंबर, तेव्हा बोअर तुडुंब असते आणि दिवसाचा पंप पुरून उरतो. बॅटरी लागते फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत, आणि त्या काळात आकाश कोरडं असतं. टंचाई आणि ढग इथे एकत्र येतच नाहीत. एखादा वळीव येतो, त्याला टाकी पुरते. म्हणून एका रात्रीचाच साठा धरला. ४८ व्होल्टच्या घरातल्या, १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम फेरो फॉस्फेट बॅटऱ्या घेतल्या. मिळून दहा युनिट, रात्रीचा वापर निम्म्याच्या आत.

ट्यूब्युलर लेड-अॅसिड, म्हणजे इन्व्हर्टरला असते तशी पाणी घालायची बॅटरी घ्या, असं सरपंचांचं म्हणणं होतं. तालुक्याच्या गावी मिळते, बिघडली तर कुणीही बदलून देतो. मुद्दा खोटा नव्हता. पण पाड्यावरच्या सौर पथदिव्यांच्या बॅटऱ्या डिस्टिल्ड वॉटर न घातल्यामुळे गेलेल्या सगळ्यांना आठवत होत्या, आणि सरपंचांना स्वतःलाही.

मोटर ३० ते ३०० व्होल्ट डीसीवर चालणारी निवडली. पावसाळ्यात चेंजओव्हर स्विच फिरवून पॅनलांवरून थेट, उन्हाळ्यात बॅटरीवरून. पॅनलं जुनीच पुरली, फक्त जोडणी बदलली. आधी नऊ पॅनलं एका ओळीत होती. पॅनलांची वीज बॅटरीत भरणाऱ्या नव्या चार्ज कंट्रोलरची मर्यादा १५० व्होल्ट. तीन पॅनलं एका ओळीत ठेवली तर उघडं, म्हणजे भार नसतानाचं, व्होल्टेज १३८ होतं, पण इथे जानेवारीत सकाळी पारा आठ अंशांवर येतो आणि थंडीत पॅनलचं व्होल्टेज अंशाला सुमारे ०.३ टक्क्यांनी चढतं. १४५ ला जाऊन टेकणार. एवढ्या काठावर नको म्हणून दोन-दोनच्या चार ओळी केल्या. नववं पॅनल उरलं. ते पुढच्याच वर्षी गोफणीच्या दगडाने फुटलेल्या एकाच्या जागी कामाला आलं.

केबलचंही सांगतो, कारण हे हमखास विसरलं जातं. बॅटरीच्या ५१ व्होल्टवर मोटर साडेसहा अँपिअर ओढते. जुनी चार स्क्वेअर मिलिमीटरची केबल ८५ मीटर जाऊन परत येताना पाच व्होल्ट खाते, म्हणजे दहा टक्के वीज बोअरच्या वाटेवरच गेली. दहा स्क्वेअरची घातली, तोटा दोन व्होल्टवर आला.

सगळा खर्च साडेचार लाखांच्या घरात. त्यातला बराचसा पंधराव्या वित्त आयोगाच्या पाणी-स्वच्छतेसाठी बांधून दिलेल्या निधीतून, उरलेला पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या कायद्याच्या, निधीतून, ग्रामसभेच्या ठरावाने. घरटी महिन्याला ४० रुपये बचत गटाच्या खात्यात जमा होतात, पुढच्या बॅटरीसाठी.

काय झालं

फेब्रुवारी २०२३ मध्ये पंप सुरू झाला. टाकीच्या मीटरचं वाचन बचत गटातल्या एक ताई रोज वहीत लिहितात. एप्रिल-मेमध्ये रोज साडेअकरा ते पावणेतेरा हजार लिटर. टँकर आला नाही.

मधले चार दिवस मात्र फसलो, आणि ती चूक पूर्णपणे माझी. बॅटऱ्या पॅनलांच्या सांगाड्याला टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी चार्जिंग बंद पडायला लागलं. पंप बघणाऱ्या मुलाने फोनवर सांगितलं, “दादा, लाल दिवा लागतो. मी पेटीवर ओलं पोतं टाकलं की तासाभराने परत हिरवा होतो.” पेटीत तापमान ५८ अंश झालं होतं आणि बॅटरीची संरक्षण यंत्रणा चार्जिंग तोडत होती. रोगाचं निदान त्याने माझ्याआधी केलं होतं. बोअरला लागून ज्यांचं घर आहे त्यांनी पडवीला जोडून कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली, वर कौलं असलेली छोटी खोली बांधून दिली. मोबदल्यात त्यांच्या अंगणात एक नळ. खोलीत भर दुपारी ३९ अंशांच्या वर पारा जात नाही आणि चोरीचीही काळजी मिटली.

दुसरा घोटाळा लग्नसराईतला. २०२४ च्या एप्रिलमध्ये कुणीतरी बॅटरीवरून वायर ओढून रात्री स्पीकर लावले. एकच्या सुमाराला बॅटरीने हात टेकले, पंप थांबला, सकाळी अर्ध्या पाड्याला पाणी नाही. सदस्य कुलूप लावा म्हणत होते. आम्ही उलट एक वेगळा सॉकेट काढून दिला, ठरावीक भारापुरता आणि टायमरवर दोन तास. त्यानंतर मूळ तारांना कुणी हात लावलेला नाही.

२०२३ चा पाऊस दगा देणारा होता. तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. त्याचा परिणाम २०२४ च्या मेमध्ये दिसला. सकाळची विश्रांतीची पातळी १३० ऐवजी १४८ फुटांवर आली. उपसा तासाला ५६० वर आणावा लागला, तरी रोज साडेदहा-अकरा हजार लिटर आलं. गुरांसाठी सहा खेपा टँकर मागवावा लागला.

खालच्या बाजूला २०० मीटरवर एका शेतकऱ्याची विहीर आहे. तिचं पाणी आमच्या रात्रीच्या उपशाने खाली गेलं, असं त्यांचं म्हणणं आहे. पातळी दीड फुटाने खाली गेली हे खरं. कमी पावसामुळे की आमच्यामुळे, हे एका वर्षाच्या वाचनावरून सांगता येत नाही. आता तीही विहीर दर आठवड्याला मोजतो. खरं तर ती पंप बदलण्याच्या आधीपासून मोजायला हवी होती.

आज पुन्हा करायचं तर

बॅटरी एकच घेतली असती. रात्रीचे चार युनिट एका बॅटरीने ऐंशी टक्के वापरून दिले असते, आणि वर्षातल्या जेमतेम १२० रात्रींसाठी तेवढा ताण लिथियमला जड नाही. दोन घेतल्या त्या एक ट्रिप झाली तर दुसरी असावी म्हणून, पण त्या भीतीची किंमत सव्वा लाख होती. ज्या पाण्यासाठी एवढा आटापिटा केला ते टाकीत आधीच असतं, म्हणजे एका रात्रीचा बिघाड टाकीने बराचसा झेलला असता. शिवाय उरलेले आठ महिने दोन्ही बॅटऱ्या सुमारे साठ टक्के भरून ठेवाव्या लागतात, कारण पूर्ण भरून पडून राहिल्या की त्या लवकर म्हाताऱ्या होतात. ते दर महिन्याला कुणीतरी बघावं लागतं. ऑक्टोबरमध्ये कुणी बघितलं नव्हतं.

हातपंप काढू द्यायला नको होता. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या सौर दुहेरी पंपाच्या रचनेत एकाच बोअरवर हातपंप आणि खाली सौर पंप दोन्ही राहतात. नवा स्क्रू पंप बारीक आहे, साडेसहा इंचात जागा आहे. गेल्या हिवाळ्यात हातपंपाचा सांगाडा शोधला, तो शाळेच्या मागे गंजत पडलेला सापडला. दुरुस्तीला दिला आहे.

आणि नाल्यावर वरच्या अंगाला दगडी बांध आणि सलग समतल चर घालायचं काम पंपाच्या आधी व्हायला हवं होतं. आम्ही बोअरमधून पाणी काढायची सोय दुप्पट केली, तिच्यात पाणी घालायची काहीच केली नाही. रोजगार हमीत ते काम आता मंजूर आहे.

शेजारच्या पाड्याने हे सगळं बघून ‘आम्हालाही बॅटरीवाला पंप’ असा ठराव करून पाठवला. त्यांच्याकडे २२ फूट व्यासाची विहीर आहे आणि मेमध्येही सकाळी तिच्यात चार-पाच फूट पाणी असतं. तिथे दिवसाचा साधा पंप आणि टाकी सुचवली. तिथले सरपंच अजून माझ्यावर थोडे नाराज आहेत.